धानाच्या पोत्यांत अडकलेली लिफ्ट

मित्रांनो, लिफ्ट म्हटले की तुम्हाला माणसांना वरच्या मजल्यावर नेणारी पेटी आठवेल. मी ती नव्हे. मी गाड्या उचलून धरणारी लिफ्ट आहे, आता बरीच जुनी. दोन लोखंडी खांब, चार लांब हात आणि पोटात तेल, एवढाच माझा संसार. मी गाडी उचलली की माणूस तिच्याखाली निर्धास्त काम करतो. निर्धास्त तो असतो, मी नाही! तो बाहेर येईपर्यंत माझ्या जिवाला घोर असतो.

तरुणपणी मी नागपूरच्या एका मोठ्या गॅरेजात होते. तिथे ऐसपैस जागा होती आणि माझे कौतुकही फार होई. मग नवी लिफ्ट आली आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडले. गोंदिया वेगळा जिल्हा झाला, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी भंडाऱ्याच्या कुंदन मिस्त्रीने मला घरी आणले. दुसऱ्याची चाकरी सोडून त्याला घरातच गॅरेज काढायचे होते.

भर उन्हाळ्यात त्याने माझी जागा आखली. खडूने फरशीवर गाडी काढली. गाडीची दारे उघडली तर कुठवर येतील ते पाहिले. छताची उंची मोजली, खांबांखाली नवे काँक्रीट भरले. मागच्या भिंतीशी चालायला वाटही सोडली. मोजमाप चोख होते. फक्त उन्हाळ्यातले होते. दिवाळीनंतर करडी गावच्या शेतातले धान याच खोलीत येऊन पडते, हे तो साफ विसरला. जे दरवर्षी घडते ते कोण लक्षात ठेवतो?

धान आले. मागच्या भिंतीशी पोत्यांची थप्पी लागली आणि माझी वाट बुजली.

"माय, इथं नोको ठेवू वं. गाडी पुरी अंदर येत नाई मंग," कुंदन म्हणाला.

"मंग कोठं ठेवू? आंगनात? घुशी खातीन," कौशल्याबाई म्हणाल्या. "लक्षुमी हाय थे. तुह्या लोखंडाले म्हन, थोडं आंग चोरून घे."

कुंदन हसला. मला मात्र हसू आले नाही. लोखंडाने अंग कसे चोरायचे?

तेवढ्यात शेजारचे भोजराज आपली जीप घेऊन आले. "कुंदन, उद्या नवरदेव न्याचा हाय. आजच करून दे बाप्पा!"

जीप आत आली आणि तिचे तोंड पोत्यांना टेकले. शेपूट शटरकडे लोंबत राहिले. माझे हात जिथे लागायला हवे होते तिथे पोचलेच नाहीत. तरी कुंदनने मला वर चढवले. एका कामापुरते चालेल, असे त्याला वाटले. मी करकरले. मला ओरडायचे होते, पण माझ्याजवळ करकरण्यापलीकडे काय आहे?

"तेल मांगून राहिली वाटते," तो म्हणाला, आणि लाडाने माझ्या साखळीला तेल घातले.

मग त्याने जीपचा जड गिअरबॉक्स उतरवला. पुढचे वजन गेले आणि शेपूट खाली जाऊ लागले. मी सगळा जोर लावला, मित्रांनो, खरेच लावला. पण तोल गेला तो गेलाच. कुंदन गाडीखाली होता. शटरकडे जीप कलत होती, एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला हत्यारांची फळी. तो पुढे पोत्यांकडे धावला, पाय उचलला, आणि थबकला.

धानाला चुकून पाय लागला तरी हात लावून पाया पडायचे, हे मायने त्याला लहानपणापासून शिकवले होते. त्याच्या पायात तर बूट होते.

सुपात धान घ्यायला आलेल्या कौशल्याबाई आतल्या दारात उभ्या होत्या. त्या किंचाळल्या, "चढ बाबू! पाय दे धानावर! चढ!"

तो चढला. बुटाखाली पोते फाटले. त्याच क्षणी जीप धाडकन मागे आदळली आणि माझा एक हात वाकला. माय आणि लेक सांडलेल्या धानात बसून ढसाढसा रडत होते. पाया पडायचे कोणालाच सुचले नाही.

आता धान बैठकीच्या खोलीत असते. भोजराज एकदा म्हणाले, "बाई, बसाले जागाच नाई ठेवली तुमी."

"तुमी उभे रहा भाऊ," कौशल्याबाई म्हणाल्या. "माहा पोरगा मोकळा राह्यला पायजे."

माझा हात बदलला, पण माझी घालमेल काही गेली नाही. कुंदन खाली शिरला की मी आधी त्याच्यामागची वाट बघते. मित्रांनो, माझ्यासारखीला घरी आणाल तेव्हा गाडी मोजाच. पण घर भरलेले असतानाचीही जागा मोजा. गाडीखालच्या माणसाला न थबकता पळता येईल एवढी वाट मोकळी ठेवा. मला हाक मारता येत नाही. आणि दर वेळी कोणाची माय दारात उभी असेलच असे नाही.