अर्धी चावी

आकडेवाल्या सरांनी खोलीत येऊन दाराला आतून कडी लावली, तेव्हा मी त्यांना चहा विचारला. माझ्या अकलेचा हा नमुना.

सर दुसऱ्या विद्यापीठातले. मारहाण सोसून घर सोडलेल्या बायकांच्या मुलाखती आम्ही घ्यायच्या आणि त्यांवरून आकडे त्यांनी काढायचे, असा आमच्या दोन संस्थांचा कारभार. मुलाखतींच्या फायली त्यांच्याकडे जायच्या त्या नावं खोडून, नुसते क्रमांक घालून. कुठला क्रमांक कोणाचा आणि ती बाई आता कुठे राहते, हे फक्त एका कुलूपबंद फाईलमध्ये होतं. तिचा अर्धा पासवर्ड माझ्याकडे, अर्धा सरांकडे. कुणा एकट्याला ती उघडता येऊ नये म्हणून हा खटाटोप मीच केला होता. तिची दुसरी प्रत ठेवायची नाही, हा नियमही माझाच. मला त्याचा भारी अभिमान होता.

"मॅडम, ती फाईल उघडा." स्वतःचा अर्धा पासवर्ड त्यांनी माझ्या कॉम्प्युटरवर घातलासुद्धा.

"कशासाठी? समितीची परवानगी आणलीत?"

उत्तर थोबाडीत मिळालं. चष्मा उडाला. मी सावरायच्या आत त्यांनी केस धरून माझं डोकं टेबलाच्या कडेवर आपटलं. भुवई फुटली आणि डोळ्यात रक्त उतरलं. मी किंचाळले.

"हळू. चांगल्या घरात आवाज होत नसतात," ते अगदी मऊ आवाजात म्हणाले.

हे वाक्य मी ऐकलेलं होतं. मारताना नवरा दर वेळी हेच म्हणतो, असं एका बाईनं मला सांगितलं होतं. आम्ही तिचं नाव खोडलं, गाव खोडलं, मुलांची वयंसुद्धा बदलली. नवऱ्याचं वाक्य मात्र तसंच ठेवलं. किती बोलकं आहे म्हणून मीच त्याखाली रेघ मारून पाठवलं होतं. आकडे काढता काढता या माणसानं स्वतःलाच ओळखलं.

"कुठे लपवलीय तिला? बोल!" 'मॅडम' म्हणणं केव्हाच संपलं होतं.

मी चुकीची अक्षरं टाइप केली. त्यानं माझा डावा हात टेबलाच्या खणात कोंबला आणि खण लाथेनं बंद केला. बोटं मोडल्याचा आवाज मला आधी ऐकू आला, कळ नंतर आली. मी पुन्हा चुकीचंच टाइप केलं, त्यानं पुन्हा खणावर लाथ घातली.

"तिसऱ्यांदा चुकलं की फाईल कायमची पुसली जाते," तो धापा टाकत म्हणाला. "मला ठाऊक आहे. आणि तू काही ती पुसणार नाहीस. अर्धं आयुष्य घातलंयस यात."

मेल्यानं बरोबर ओळखलं होतं. या कामापायी मी संसार केला नाही, आईच्या आजारपणात धड घरी थांबले नाही. ती फाईल गेली, तर त्या बायकांना पुन्हा गाठायचं कसं, कामाचं काय? मला रडू कोसळलं. त्याला वाटलं, बाई नमली. तो खणावरचा पाय काढून कॉम्प्युटरच्या पडद्याकडे वाकला.

पासवर्डच्या जागी मी त्याला एक इरसाल शिवी टाइप केली आणि एंटर दाबलं.

मग त्यानं कीबोर्डच उचलून माझ्या तोंडावर घातला. मी खाली पडले, तो लाथा घालत राहिला. रखवालदारानं दार फोडलं तोवर माझे दोन दात जमिनीवर पडले होते, आणि तो अजूनही मला हळू ओरडायला सांगत होता.

सगळे मला शूर म्हणतात. समितीनं फुलं पाठवली. मी दवाखान्यात पेज पीत पडून होते, आणि खरं सांगते, त्या मोडक्या तोंडानंही मला हसू येत होतं. ती बाई वाचली होती.

काल पोलिसांचा फोन आला. त्याला जामीन मिळालाय. "तेवढं त्याच्या बायकोला सावध करा," साहेब म्हणाले. "तिचा पत्ता तुमच्याकडेच असेल ना?"

सकाळपासून मी बाहेर आहे. बायकांची वसतिगृहं, दवाखाने, शिवणवर्ग, जिथे सुचेल तिथे जाऊन पट्टी बांधलेला हात घेऊन तिचं वर्णन सांगतेय. सगळीकडे एकच उत्तर मिळतं, नाही पाहिली. शेवटच्या वसतिगृहातली बाई मात्र वैतागली. तिला आजच कोणीतरी हेच वर्णन सांगून गेलं होतं.