भिंतीला पाठ

"टेक पाठ. अजून. अजून टेक. भिंत काही चावत नाही."

फळीवर पाय पसरून बसलेला मुलगा बोटभर मागे सरकला. टेपमावशीनं त्याच्या कमरेमागे, अंग आणि भिंत यांच्या मधे, कागदाची एक पट्टी सोडली आणि खालून हळूच ओढली. पट्टी सुळकन हातात आली.

"आली की," ती म्हणाली. "म्हणजे तू अजून अर्ध्या वाटेतच आहेस."

मुलगा ओशाळून हसला आणि या वेळी खरोखर टेकला. आता पट्टी हलेना. मग तिनं त्याच्या टाचांपाशी लाकडी ठोकळा सरकवत आणला आणि वाकून फळीवरचा आकडा वाचला. एकशे चार. "ऊठ. तुझ्या पायांना मरण नाही."

लष्करी वैमानिक व्हायला आलेली मुलं सगळ्या परीक्षांमधून गाळून गाळून शेवटी या इस्पितळात येत, आणि इस्पितळातल्या सगळ्या खोल्या पार करून शेवटी या खोलीत. इथे पाय मोजले जात. भिंतीपासून टाचेपर्यंत नव्याण्णव सेंटिमीटर भरले तर वैमानिक. नाही भरले, तर गणित कितीही येवो, छाती कितीही फुगो, विमान नाही. बावीस वर्षं हे माप ती घेत होती. खरं तर तिच्या हातात टेप नसायचाच, फळी आणि ठोकळा असायचा. पण कुणीतरी कधीतरी टेपमावशी म्हटलं आणि ते चिकटलं. कागदाच्या पट्टीची युक्ती मात्र तिची स्वतःची. मुलं पाय लांब दिसावेत म्हणून भिंतीपासून किंचित पुढे बसतात, आणि डोळ्यांना ते कळत नाही. कागदाला कळतं.

तिची आणखी एक गोष्ट होती, जी कुणालाच ठाऊक नव्हती. बाकावर बसलेल्यांमधली बुटकी मुलं ती सकाळी सर्वांत आधी उंची मोजायला आत घ्यायची. माणूस झोपून उठतो तेव्हा थोडा उंच असतो. दिवस चढतो तसा तो आपल्याच वजनानं आत आत बसत जातो. तेवढा पाव-अर्धा सेंटिमीटर तिच्या हातात होता आणि नियमात बसत होता, म्हणून ती तो देऊन टाकायची. पायांचं मात्र तसं नाही. पाय सकाळी जेवढे तेवढेच संध्याकाळी.

आज बाकावर सात जणं होती. खिडकीतून येणारं ऊन त्यांच्या पायांवर पडलं होतं, आणि सगळ्यांत शेवटी, छातीवर अकरा नंबर लावून, हात मांडीखाली दाबून तिची मुलगी बसली होती. भिंगरी. घरातलं नाव, लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून पडलेलं. आज ती तासभर एका जागी बसली होती.

दोघींनी सकाळपासून एकमेकींकडे पाहिलं नव्हतं.

"अकरा," टेपमावशी म्हणाली, आणि ठरल्याप्रमाणे बाजूला झाली. आपल्या माणसाचं माप आपण घ्यायचं नाही, हा नियम. शेजारच्या खोलीतून चष्मेवाले काका आले. आयुष्य मुलांचे डोळे तपासण्यात गेलं होतं त्यांचं. पाय त्यांना परके.

"तू जा पडद्यामागे," ते तिला म्हणाले. "तू समोर असलीस की माझा हात थरथरतो. बायको स्वयंपाकघरात उभी राहिली की चहा उतू जातो तसं."

पडद्यामागे कपडे बदलायची जागा होती. एक स्टूल, एक खुंटी, खुंटीला भिंगरीचा सदरा. टेपमावशी स्टुलावर बसली आणि सदरा मांडीवर घेतला. त्याच्या कॉलरला नवऱ्यानं आतून दुहेरी शिवण घातली होती. नवरा शिंपी. घरात दोन मापवाले, अशी त्याची नेहमीची थट्टा. "पण माझं बरं आहे," तो म्हणायचा. "माझं चुकलं तर उसवता येतं."

पलीकडे फळी करकरली. भिंगरी बसली असावी.

आणि तिला त्या दोन खुर्च्या दिसल्या. एकीवर सहा वर्षांची भिंगरी, पुढ्यात दुसरी खुर्ची उलटी, तिच्या पाठीच्या गजांमधून दिसणारं आकाश. खाली पेडल म्हणून दोन डब्यांची झाकणं. हातात लाटणं. विमान सगळ्या घरावरून उडायचं: पाण्याच्या पिंपावरून, बाबाच्या शिलाई मशिनवरून, वाळत घातलेल्या चादरींच्या ढगांमधून. फक्त पाय झाकणांपर्यंत पोचायचे नाहीत. "आई, पोचत नाही." मग ही हातातलं काम टाकून उशी आणायची आणि तिच्या पाठीमागे सारायची. लेक पुढे सरकायची, पाय टेकायचे, आणि विमान पुन्हा वर. दुपारच्या दुपारी तशा गेल्या. कधी कधी ही दारात उभी राहून नुसती बघत राहायची आणि तिला वाटायचं, खोलीच हलते आहे, चादरी मागे मागे जाताहेत.

पुढे ते खेळणं राहिलं नाही. अर्ज आले, लेखी परीक्षा आली. मग ती यंत्राची परीक्षा: काचेवर एक ठिपका पळत असतो आणि हाताच्या दांड्यानं, पायाच्या पेडलनं त्याला चौकटीत धरून ठेवायचं. ती जन्मात एकदाच देता येते. चुकली की कायमची चुकली. त्या दिवशी भिंगरी घरी आली ती उभ्यानंच जेवली. "धरून ठेवला," एवढंच म्हणाली, आणि बाबानं मशिन थांबवून विचारलं, "कुणाला?" त्यावर तिघंही इतकी हसली की शेजारीण बघायला आली. मग पाच दिवसांची निवड, खड्ड्यांवरून उड्या, मुलाखती. तिच्या तुकडीतल्या तिसांतून तिघं उरली, त्यांत भिंगरी.

आणि या सगळ्याच्या मुळाशी एक दुपार होती, जी टेपमावशीनं कुणालाच सांगितली नव्हती.

चार वर्षांपूर्वीची. भिंगरी अठरा पुरी झालेली. अभ्यास करता करता बसल्याजागी झोपली होती: भिंतीला पाठ, पाय समोर सरळ, पुस्तक मांडीवर. तंतोतंत फळीवर बसवतात तशी. टेपमावशी कपड्यांच्या घड्या करत होती. तिचा हात आपोआप थांबला. तिनं कॅलेंडरचा कोपरा फाडला, लेकीच्या कमरेमागे सोडला, ओढला. हलला नाही. नवऱ्याचा टेप मशिनवर होता.

अठ्ठ्याण्णव पूर्णांक चार.

तिनं तीनदा मोजलं. मग टेप गुंडाळून जागेवर ठेवला आणि दूध तापवायला घेतलं. या वयात पायाचं हाड वाढत नाही, हे तिला मोठ्या डॉक्टरांइतकं ठाऊक होतं. तरी त्या दिवसापासून रोज दुधाचा पेला मोठा झाला. आज सांगू, उद्या सांगू. परीक्षा होऊ दे. बहुतेक मुलं तिथेच गळतात, म्हणजे सांगावंच लागणार नाही. पण भिंगरी गळली नाही.

"नव्याण्णव पॉइंट एक," पडद्यापलीकडून चष्मेवाले काका म्हणाले. "घे. आईला म्हणावं पेढ्यांचं बघ."

टेपमावशीच्या हातातला सदरा तसाच राहिला.

पट्टी. काकांनी कागदाची पट्टी लावलीच नव्हती. ती लावायची असते हेच त्यांना माहीत नव्हतं. ती कुठल्या नियमावलीत नव्हती, तिच्या एप्रनच्या खिशात होती. आताही होती.

विमान चालवायला शिकवणारे एक साहेब फार पूर्वी तिला म्हणाले होते, हे नव्याण्णव कुणा कारकुनाच्या डोक्यातून आलेलं नाही, मावशी. विमान गिरक्या घेत खाली यायला लागलं की एक पेडल पार तळापर्यंत दाबावं लागतं. पार तळापर्यंत. शेवटचा जो अंगठाभर भाग असतो ना, त्यातच ते विमान सावरायचं असतं.

पडदा हलला. भिंगरी आत आली. तिचा चेहरा पास झालेल्या मुलीचा नव्हता.

"ऐकलंस?" ती हळूच म्हणाली.

"ऐकलं."

"मग काही बोल की."

"काय बोलू. काकांनी मोजलं, त्यांची सही होईल. परत कुणी मोजत नाही."

भिंगरीनं सदऱ्याला हात लावला, पण घेतला नाही. "आई, मागे जागा होती."

टेपमावशी सदऱ्याची घडी घालू लागली.

"मी ठरवून नाही केलं. म्हणजे, बसले तेव्हा नव्हतं ठरवलं. काका म्हणाले टेक, आणि मी टेकल्यासारखं केलं. एवढीशीच जागा." तिनं बोटांत अंतर धरून दाखवलं. ते बहुतेक बरोबर होतं.

"मला माहीत आहे."

"पडद्यातून दिसलं?"

"नाही. चार वर्षं माहीत आहे. तू झोपली होतीस तेव्हा मोजलं होतं."

भिंगरी तिच्याकडे बघत राहिली. बाहेर काका कुणाला तरी आपल्या गुडघ्याविषयी सांगत होते.

"चार वर्षं," ती म्हणाली. "आणि तू मला दूध पाजत बसलीस."

"हो."

"मी रोज पहाटे धावत होते. तू मला उठवत होतीस, आई. तू. गजर व्हायच्या आधी."

"तुझं तोंड बघून जीभ उचलत नव्हती," टेपमावशी म्हणाली. "मला वाटलं, जेवढे दिवस उडतेयस तेवढे दिवस उडू दे."

"ते तू ठरवायचं नव्हतंस."

"नव्हतं."

खिडकीतलं ऊन पडद्यावर आलं होतं आणि पडदा वाऱ्यानं फुगत, बसत होता, चादरीसारखा. टेपमावशीचा हात एप्रनच्या खिशावर होता. आत्ता उठून बाहेर जावं आणि सांगावं, हे तिला कळत होतं. उठवत नव्हतं, हेही कळत होतं. बावीस वर्षांत किती आयांची मुलं तिनं याच हातानं परत पाठवली होती, आणि त्यांना बाहेर पाणी दिलं होतं, आणि म्हटलं होतं, बाळा, विमान फक्त पुढच्या खुर्चीत नसतं.

"ते पेडल, तू सांगायचीस ते," भिंगरी म्हणाली. "खरंच तळापर्यंत दाबावं लागतं?"

"लागतं."

"आणि नाही पोचला तर?"

टेपमावशीनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत जे होतं ते बघून भिंगरीनं पुढचं विचारलं नाही. तिनं फक्त हात पुढे केला.

"दे पट्टी."

"मी सांगते त्यांना. तू थांब."

"तू नको. दे."

टेपमावशीनं खिशातली पट्टी काढून तिच्या हातावर ठेवली.

"काका," पडद्यापलीकडे भिंगरीचा आवाज आला. "परत घ्या माझं."

"अगं झालं की. पास आहेस तू."

"कागद राहिला."

"कसला कागद?"

"आई लावते तो. मी बसते, तुम्ही हा मागे सोडा आणि ओढा."

फळी करकरली. मग मागे सरकल्याचा आवाज आला, एकदा, पुन्हा एकदा, आणि हाड भिंतीला लागल्याचा तो लहानसा आवाज, जो टेपमावशीनं झोपेतसुद्धा ओळखला असता.

"ओढा."

"येत नाही गं."

"नाहीच येणार. आता ठोकळा."

ठोकळा घासत आला. काका वाकले असावेत.

"अठ्ठ्याण्णव..." ते म्हणाले आणि थांबले. "पॉइंट चार." मग आवाज पडद्याच्या दिशेनं आला. "लिहू?"

टेपमावशीनं तोंड उघडलं, पण आधी भिंगरी बोलली.

"लिहा."

मोठ्या डॉक्टरांनी दुपारी भिंगरीला आत बोलावून घेतलं. गुण चांगले आहेत, म्हणाले, वाया घालवू नकोस. एक अर्ज दिला. त्यावर चौकोन होते: मनोऱ्यात बसून विमानं उतरवणारे, हवामान सांगणारे, यंत्रं बघणारे. आठवडा आहे, विचार कर.

घरी जाताना दोघी बसमध्ये पुढेमागे बसल्या. शेजारची जागा रिकामी होती तरी.

बाबानं सगळं ऐकून घेतलं. टेप गळ्यातून काढला, परत घातला. बायकोला तो काही बोलला नाही, लेकीला म्हणाला, "सहा मिलिमीटर. एवढं तर मी शिवणीत सोडतो." मग त्याचं त्यालाच बोललेलं आवडलं नाही आणि तो मशिनवर जाऊन उगाचच रीळ बदलत बसला.

उन्हं कलली. भिंगरी आतल्या खोलीत जमिनीवर बसली होती: भिंतीला पाठ, पाय सरळ, मांडीवर तो अर्ज. पेन हातात होतं. वाळत घातलेल्या चादरी खिडकीबाहेर हलत होत्या आणि त्यांच्या सावल्या तिच्या पायांवरून पुढे सरकत होत्या, मागे येत होत्या.

टेपमावशी दारात थांबली. "काय भरलंस?"

"नाव भरलंय फक्त."

"बरं."

ती बाहेरच्या खोलीत गेली. पलंगावरची उशी उचलून आत आली, वाकली, आणि लेकीच्या पाठीमागे धरली. भिंगरी अर्जावरून नजर न काढता क्षणभर तशीच ताठ राहिली. मग तिनं पाठ भिंतीपासून थोडी पुढे घेतली, उशीपुरती.