बेटावर गेलेला फिरकीचा तांब्या

मी एक जुना फिरकीचा तांब्या आहे. मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून ठेवतो, माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. बसावा तरी कसा? परगावचं पाणी कसलं असेल कोण जाणे, या धास्तीनेच तर माणसांनी माझ्या तोंडावर फिरकीचं झाकण बसवलं आणि घरचं पाणी सोबत न्यायला सुरुवात केली.

तांबटाने पितळेचा पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं आणि सोलापुरात बाळीवेशीतल्या गुरप्पांनी मला विकत घेतलं. कापडाच्या व्यापारासाठी ते सारखे पुण्याला जात. कुर्डुवाडीला गाडी थांबली की अख्खा डबा नळावर धावायचा. गुरप्पा मात्र मला मांडीवर घेऊन बसून राहायचे. "त्या टाकीत काय पडलंय, कुणी बघितलंय का?" असं शेजारच्याला विचारून त्याचीही तहान घालवायचे. मला फार अभिमान वाटायचा. दर उन्हाळ्याआधी ते मला अजिनाथ कल्हईवाल्याकडे न्यायचे. तो मला भट्टीवर तापवायचा, नवसागर टाकायचा, कथील फिरवायचा आणि कापसाच्या बोळ्याने आतून पुसून काढायचा. मी आतून चांदीसारखा लख्ख व्हायचो. पितळेला आंबट सोसत नाही, ते कळकून हिरवं, विषारी होतं. पण कल्हई होती म्हणून माझ्यात ताकसुद्धा निर्धास्त ठेवता यायचं.

पुढे गुरप्पा वारले. घरात प्लास्टिकच्या बाटल्या आल्या आणि मी माळ्यावर गेलो. त्यांच्या पत्नी अक्कम्मा सणावाराला मला खाली काढायच्या, चिंचेने बाहेरून घासायच्या आणि पुन्हा वर ठेवायच्या. बाहेरून मी चकाकत होतो, त्यामुळे आतलं कुणाच्या मनातच आलं नाही. खरं सांगतो, माझ्याही मनात आलं नाही.

गेल्या वर्षी त्यांचा मुलगा सोमेश अंदमानातल्या एका लहानशा बेटावर शाळामास्तर म्हणून गेला. अक्कम्मांचा डोळ्याला डोळा लागेना. फोनवर रोज एकच प्रश्न. "तू खातोस कुटं? पितोस काय?" शेवटी त्या स्वतःच निघाल्या. सोबत कडक भाकरी, शेंगाचटणी, घरची लिंबं आणि मी. विमानतळावर शिपायाने माझ्यातलं पाणी ओतून टाकायला लावलं. तेव्हाच मी ओळखलं की पुढची माणसं काही बरी नाहीत.

बेट फार शांत होतं. नारळीची झाडं, लाटांचा आवाज आणि जेवायला उणीपुरी तीन ठिकाणं. अक्कम्मांनी मला काखोटीला मारून तिन्ही धुंडाळली. जेट्टीजवळच्या हॉटेलात माशांचा वास, तिथे त्या उंबऱ्याशीच थांबल्या. पाहुण्यांसाठीच्या झावळ्यांच्या हॉटेलात भाजी आणि मासळी एकाच तव्यावर. तिसरी खाणावळ नूकरत्नम नावाच्या तेलुगू बाईची. सोमेश तिथेच जेवायचा. तिच्याकडे शाकाहारी स्वयंपाकाची चूल वेगळी, भांडी वेगळी. तरी अक्कम्मांनी पातेल्याचा वास घेतला, पळी उलटी करून पाहिली.

"माँजी, सब अलग है," रत्नम म्हणाली.

"म्हणायला काय जातंय?" अक्कम्मा सोमेशच्या कानात पुटपुटल्या. मलाही अगदी तसंच वाटलं. त्या बाईचं हसणं मला जरा जास्तच गोड वाटत होतं.

सोमेशने फारच आग्रह केला म्हणून एका दुपारी त्यांनी तिथे चार घास सांबारभात खाल्ला. पाणी मात्र घेतलं नाही. घरच्या लिंबांचं सरबत सकाळीच माझ्यात करून ठेवलं होतं, तेच प्यायल्या. संध्याकाळी उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात सलाईन लावावं लागलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं?

"त्या बाईच्या हातचं," अक्कम्मा म्हणाल्या. "दुसरं काय?"

सोमेश तावातावाने खाणावळीत गेला आणि सगळ्यांसमोर रत्नमला नाही नाही ते बोलून आला. बेट केवढंसं! दुसऱ्या दिवशी शाळेतले मास्तर तिच्याकडे फिरकले नाहीत, तिसऱ्या दिवशी बोटीवरचे लोकही नाहीत. भाताचं पातेलं संध्याकाळपर्यंत तसंच भरलेलं. आणि मी? मी खिडकीत बसून म्हणत होतो, बरी खोड मोडली.

अक्कम्मा दवाखान्यातून सोमेशच्या खोलीवर परतल्या होत्या. चौथ्या दिवशी सकाळी रत्नम तिथे आली. हातात शहाळं आणि कोयता. भांडायला आली असेल, असं मला वाटलं. पण तिने अक्कम्मांच्या डोळ्यांदेखत शहाळं फोडलं. "देखो माँजी, आपके सामने."

"तुझा गिलास बेडा, नको," अक्कम्मा म्हणाल्या. "मेरे तांब्ये में ओत."

रत्नमने माझी फिरकी उघडली आणि नाक मुरडलं. मला उजेडात धरलं, दोन बोटं आत घालून फिरवली. बोटं बाहेर आली ती हिरवीगार.

तिने फक्त बोटं पुढे केली. अक्कम्मांनी ती पाहिली, मला ओढून घेतलं आणि आत डोकावून पाहिलं. "कळकलंय की हे... ह्यांच्या मागं कल्हई केलीच न्हाई मी."

मित्रांनो, त्या क्षणी मला वितळून जावंसं वाटलं. जगभरच्या पाण्यावर मी संशय घेतला आणि अक्कम्मांना विष मीच पाजलं.

त्या दुपारी शाळेतल्या मास्तरांना आणि बोटीवरच्या लोकांना बोलावून, सोमेशचा हात धरून अक्कम्मा खाणावळीत आल्या. मला त्यांनी सगळ्यांना दिसेल असं टेबलावर ठेवलं. "मेरा ही तांब्या खराब था," त्या मोठ्याने म्हणाल्या. "ये बाई का हात साफ है. मैंने लई खोटा बोल्या." सोमेश मान खाली घालून उभा होता. त्याने रत्नमची माफी मागितली, तरी ती त्याच्याकडे वळली नाही.

"पानी दे, माय," अक्कम्मा म्हणाल्या.

रत्नमने पेला घेतला, विसळला. परत विसळला. मग तिसऱ्यांदा विसळायला लागली. अक्कम्मांनी उठून तिचं मनगट धरलं.

"बस की गं. लई धुतलंस."

त्यांनी तो ओला पेला तिच्या हातून घेतला, भरला आणि गटागटा रिकामा केला. मग रत्नम रडली.

आता मी सोलापुरात परत आलो आहे. अक्कम्मा कल्हईवाला शोधताहेत, अजून सापडलेला नाही. तुमच्या घरी माझ्यासारखा पितळी म्हातारा असेल तर त्याला नुसता वरून घासू नका, त्याच्या आतही हात घाला आणि वेळेवर कल्हई करून घ्या. माझा संशयी स्वभाव या वयात काही जायचा नाही, मित्रांनो. पण यापुढे कुणाचं पोट बिघडलं, तर आधी माझ्यात डोकावून बघा.