हेझलबाईंचं नाक

हेझलबाईंचं मस्कॅट नापास झालं, ही बातमी दुपारपर्यंत रदरग्लेनभर झाली.

ऑस्ट्रेलियातलं हे गाव तसं लहानच. एक मुख्य रस्ता, एक बेकरी, आणि आजूबाजूला चार-चार, पाच-पाच पिढ्या चालत आलेल्या वाइनरीज. इथलं मस्कॅट म्हणजे दाट, गोड, तपकिरी वाइन. द्राक्षं वेलीवरच सुरकुतू द्यायची, रस आंबायला लागला की त्यात स्पिरिट घालून गोडी राखायची आणि मग वर्षानुवर्षं लाकडी पिंपांत मुरवायची. नव्या-जुन्या पिंपांतलं थोडं थोडं एकत्र करून जे सगळ्यांत उत्तम जमेल ते ‘रेअर’. पण गावात रीत अशी, की दर ऑगस्टमध्ये सगळे वाइनमेकर हॉलमध्ये जमणार, नुसते नंबर घातलेल्या पेल्यांतून एकमेकांचा माल चाखणार आणि ते ‘रेअर’ ठरावं की नाही, याचा हात वर करून कौल देणार. मॅकीन घराण्याच्या पेल्याला आजवर कधी नकार मिळाला नव्हता. त्या वर्षी बारापैकी दोनच हात वर गेले. “उग्र आहे, आणि जड,” असं शेजारच्या वाइनरीतला केन म्हणाला. पेला कुणाचा हे कळल्यावर त्याचाच चेहरा पडला.

अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या हेझल मॅकीन तिथून सरळ बाहेर पडल्या. गाडीत बसल्यावर शेजारी बसलेल्या देवयानीला म्हणाल्या, “पिंपं विकून टाकते. सिडनीचा एक जण कधीपासून मागे लागलाय.”

देवयानी त्यांच्याकडे सहा वर्षं लॅब सांभाळत होती. ती मूळची तासगावची. वडील पद्माकर तिथे बेदाण्याची प्रतवारी करायचे. मूठभर बेदाणा नाकाशी नेला की गंधकाची धुरी कमी पडली की जास्त झाली, हे सांगायचे. देवयानी मेलबर्नच्या युनिव्हर्सिटीत शिकली, तिला पीआर म्हणजे कायम राहण्याचा परवाना मिळाला आणि नवऱ्याला जवळच वोडोंगात आयटीची नोकरी मिळाली म्हणून इकडे आली. इथे सगळे एकमेकांना नुसत्या नावानं हाक मारतात, तशी तीही “हेझल” म्हणायची. मनात मात्र त्या हेझलबाईच होत्या.

त्यानंतर दोनेक आठवड्यांनी दोघी शेडमध्ये पिंपांचे नमुने काढत होत्या. एकतीस नंबरच्या पिंपात देवयानीनं काचेची नळी घातली आणि तिचं डोकंच भणाणलं. नेलपॉलिशची बाटली उघडावी तसा वास! तिनं पेला पुढे केला. हेझलबाईंनी त्यात नाक घातलं, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “सुरेख. संत्र्याची साल.”

देवयानीच्या हातातली नळी तशीच राहिली.

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. “हृषीकेश, हेझलला वासच येत नाहीये. नापास झालेल्या रेअरमध्ये तिनं हेच पिंप घातलं असणार.”

“मग सांग ना तिला.”

“काय सांगू? साठ वर्षं जिच्या नाकावर ही वाइनरी उभी आहे, तिला सांगू की तुझं नाक गेलं?”

“तू नाही सांगितलंस तर ती पिंपं विकेल,” हृषीकेश पोळी मोडत म्हणाला. “मग तुम्ही दोघी काय करणार?”

सकाळी देवयानी सरळ शेडमध्ये गेली. धीर गोळा करून म्हणाली, “हेझल, एकतीस नंबर बिघडलंय. दारातूनसुद्धा वास येतोय. तुला येत नाहीये.”

हेझलबाई एका उलट्या क्रेटवर बसल्या. त्यांनी एकेक हातमोजा काढला.

“कोविड झाला होता ना, तेव्हापासून,” म्हणाल्या. “दोन वर्षं झाली. कॉफी म्हणजे मला कडू गरम पाणी. आठवणीवर चालवत होते सगळं. कुठल्या पिंपाला कसा वास असायला हवा, ते पाठ आहे मला.”

“मग पाठ आहे ते मला सांग,” देवयानी त्यांच्यासमोर खाली बसली. “वास मी घेते. एक वर्ष दे. विकू नकोस.”

“तुला घरी कधी कुणी वाइन पाजली तरी होती का गं?”

“नाही. पण वास घ्यायला बापानं शिकवलंय.”

हेझलबाई हसल्या. कितीतरी दिवसांनी.

मग सुरू झालं. चौऱ्याहत्तर पिंपं, रोज तीन. देवयानी वास घ्यायची आणि जे सुचेल ते बोलायची. मराठी शब्द आला तर मराठी. ओलं गोणपाट म्हटलं की हेझलबाई म्हणायच्या, लाकूड कुजतंय, पिंप बदल. मोरावळा म्हटलं की आधी तो काय ते समजावून घ्यायच्या आणि मग मान हलवायच्या, “हां, ते बारा वर्षांचं. अजून तीन वर्षं हात लावायचा नाही.” एकतीस नंबर बाजूला काढलं. देवयानीला चुकीच्या वेळी सर्दी झाली तेव्हा हेझलबाईंनी तिला आठवडाभर शेडच्या आसपासही फिरकू दिलं नाही.

खटका उडाला तो सगळ्यांत जुन्या पिंपावरून. कीड पडून या भागातल्या द्राक्षबागा उद्ध्वस्त झाल्या, तेव्हा हेझलबाईंच्या पणजोबांनी पुन्हा वेली लावल्या होत्या. त्या वेलींची पहिली वाइन या पिंपात होती. ते कधीच पुरतं रिकामं केलं नव्हतं. जेवढं काढायचं तेवढं त्याच्या खालोखाल जुन्या पिंपातून भरायचं. रेअरमध्ये त्यातले दोन जग भरून घालायचे, हा मॅकीनांचा शिरस्ता.

“एकच घालू,” देवयानी म्हणाली. “आणि सहा वर्षांचं ताजं थोडं वाढवू. हे आता इतकं दाट झालंय की बाकी कशाचा वासच वर येऊ देत नाही. एकतीस नंबरनं आपलं रेअर उग्र झालं होतं, मान्य. पण जड ते यामुळे झालं.”

“माझ्या आजोबांनी दोन घातले. वडिलांनी दोन घातले.”

“त्यांच्या वेळी ते इतकं दाट नव्हतं, हेझल!”

तीन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी देवयानी लॅबमध्ये आली, तर टेबलावर सहा पेले मांडलेले. हेझलबाई हाताची घडी घालून उभ्या. “काहींत एक जग आहे, काहींत दोन. ओळख.”

देवयानीनं एकेक पेला उचलला. घाई केली नाही. दुसरा आणि पाचवा एकीकडे सरकवला, उरलेले दुसरीकडे. मग पाचवा पुन्हा उचलला, परत हुंगला आणि दुसऱ्या पेल्याशेजारीच ठेवला. “या दोनांत एक जग.”

हेझलबाईंनी पेल्यांखालच्या चिठ्ठ्या उलटून पाहिल्या. सहाच्या सहा बरोबर होते. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, आणि एवढंच म्हणाल्या, “एक जग.”

पुढच्या ऑगस्टमधल्या त्या सकाळी, ऐन हिवाळ्यात, हॉलमध्ये हीटर लावूनही पाय गारठत होते. देवयानी मागच्या भिंतीशी उभी होती. सातवा पेला फिरला. तो त्यांचा आहे हे फक्त त्या दोघींना ठाऊक होतं. केननं हुंगला, घोट घेतला, आणि पेला खाली न ठेवता पुन्हा हुंगला. एरवी या हॉलमध्ये चाखता चाखता चेष्टामस्करी चालते. आत्ता सगळे पेला पुन्हा पुन्हा नाकाशी नेत होते.

“सात नंबर, रेअर?” टेबलामागून विचारणा झाली.

केनचा हात सगळ्यांत आधी वर गेला. मग एकेक करत सगळे. हेझलबाईंनी, स्वतःचा पेला म्हणून, हात मांडीवरच ठेवला होता. अकरा हात! देवयानीनं दोनदा मोजले. तिला मोठ्यानं हसावंसं वाटत होतं.

नाव उघड झालं तेव्हा टाळ्या पडल्या. हेझलबाई उठल्या.

“टाळ्या थांबवा, मला बोलायचंय. तीन वर्षं मला कसलाही वास येत नाही.” त्यांनी केनकडे पाहिलं. “गेल्या वर्षीचं मी अंदाजानं केलं होतं. तुम्ही नाकारलंत, बरोबरच केलंत. आजचं या मुलीनं जुळवलंय. माझ्याशी भांडून जुळवलंय.”

“आम्हाला सांगायचं होतंस, हेझल,” केन हळूच म्हणाला.

“सांगितलं असतं तर तुम्ही मला सांभाळून घेतलं असतंत. मला ते नको होतं.”

सगळे वळून देवयानीकडे बघायला लागले. केननं खुर्ची मागे सारली आणि उभा राहून टाळ्या वाजवू लागला. मग सगळाच हॉल उठला. ज्यांच्या पणजोबांनी इथे वेली लावल्या, ती माणसं तासगावच्या मुलीसाठी उभी होती. गर्दी थोडी पांगल्यावर केन तिच्याजवळ आला. “माझ्याकडे दोन पिंपं आहेत, जरा शंका आहे. या आठवड्यात बघशील?”

“तिला वेळ नाही,” हेझलबाई मध्येच म्हणाल्या. “ती आता मॅकीन्सची वाइनमेकर आहे.”

हे देवयानीलाही तेव्हाच कळत होतं. तिनं हेझलबाईंकडे पाहिलं. त्या ठामपणे समोर बघत होत्या.

“गुरुवारी येते, केन,” देवयानी म्हणाली. “वाइनमेकर आपली वेळ स्वतःच ठरवते.”

हेझलबाईंना एवढं हसू आलं की टेबलाला धरावं लागलं. तेवढ्यात स्थानिक पेपरचा वार्ताहर कॅमेरा घेऊन आला आणि त्यांना पेला धरून उभं राहायला सांगू लागला. त्यांनी पेला देवयानीच्या हातात दिला, तिला खांद्याला धरून पुढे उभं केलं, आणि वार्ताहराला तिचं नाव एकेक अक्षर करत, अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगायला लागल्या.