ताईच्या वतीने

“तू फक्त हस. बाकीचं मी बघतो,” धाकट्याने हातांनीच बहिणीला बजावलं आणि शिवणखोलीच्या दाराकडे नजर टाकली. सरकारी बाई कोणत्याही क्षणी येणार होत्या.

ताई जन्मापासून बहिरी. जगाशी तिचं जे काही बोलणं व्हायचं ते धाकट्याच्या तोंडून. डॉक्टर असो की दुकानदार, हा आपला मध्ये उभा. दोघांच्या खुणा घरातच तयार झालेल्या, बाहेरच्या माणसाला त्यातलं ओ की ठो कळत नसे.

अपंगांना काम देण्याच्या योजनेतून ताईला इस्पितळाच्या शिवणखोलीत नोकरी लागली, तेव्हा घरात आनंदाला पारावार राहिला नव्हता. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. सुरुवातीचे काही महिने तिने मशीनवरून मान वर केली नाही. मग एकदा आगीच्या सरावाची घंटा झाली. सगळे बाहेर पळाले आणि ताई आत एकटीच चादरीला टीप घालत बसली. मुकादमाची पाचावर धारण बसली. खरीच आग लागली असती तर? दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या मशीनवर खोळ चढवली आणि दाराजवळ तिला एक खुर्ची दिली. भिंतीवर एक लाल दिवा लावला असता किंवा शेजारणीला ‘हिच्या खांद्याला हात लाव’ एवढं सांगितलं असतं, तरी भागलं असतं. पण ते कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मुकादम काही वाईट माणूस नव्हता. दयाळू होता, आणि दयाळू माणसाशी भांडायची मोठी पंचाईत असते. तेव्हापासून तीन वर्षं ताई त्या खुर्चीवर होती.

“बसून पगार मिळतोय. आणखी काय हवं माणसाला?” मुकादम म्हणायचा. धाकट्यालाही ते पटायचं. ताईला मात्र ती खुर्ची खायला उठायची.

बाई आल्या. योजनेतून नेमकं काय साधलं ते पाहण्याचं काम त्यांच्याकडे होतं. मुकादमाने चहा विचारला, तो त्यांनी नको म्हटला.

“नोकऱ्या किती दिल्या ते मला माहीत आहे,” त्या धाकट्याला म्हणाल्या. “त्या नोकरीत माणसं दिवसभर करतात काय, ते बघायला आलेय. विचारा ना ताईंना, कसं चाललंय काम?”

धाकट्याने विचारलं मात्र, ताईचे हात सुटलेच. “काम देतात कुठे? मला शिवता येतं. माझं मशीन मला परत हवंय. नुसतं दारात बसवायचं होतं तर मला घेतलं कशाला? सांग त्यांना. सगळं सांग, काही गाळू नकोस.”

धाकट्याने नजर वळवली. मुकादम समोरच उभा होता. तक्रार केली आणि ही जागाच गेली तर? आपल्यामागे ताईचं कसं होणार, या काळजीने त्याला कित्येकदा झोप लागत नसे.

“छान चाललंय म्हणते,” तो म्हणाला. “सगळे सांभाळून घेतात.”

ताई त्याच्या ओठांकडे बघत होती. आपलं एवढं बोलणं इतक्यात संपणार नाही, हे कळायला कान लागत नाहीत. आणि ‘छान’ हा शब्द तर तिने झोपेतही ओळखला असता. आयुष्यभर लोक तिच्याकडे बघून तेवढंच म्हणत आले होते. तिला संताप आला. भावाचा एवढा राग तिला कधीच आला नव्हता.

ती उठली. मशीनवरची खोळ काढून तिने खाली टाकली, ढिगातली एक फाटकी चादर ओढली, दोरा ओवला, भिंतीवरचं बटण दाबलं आणि टीप घालायला बसली.

“अरे वा!” बाई खूश झाल्या. “काय सफाई आहे हाताला! एक फोटो घेऊ का?”

मुकादमाचा जीव भांड्यात पडला. “घ्या की! रोजचंच आहे हे.”

धाकटा बहिणीकडे बघत राहिला. सुरुवातीची टीप जरा वाकडी गेली होती, पण पुढे हात सरळ चालू लागला. तिचा चेहरा इतका निवांत त्याने कितीतरी दिवसांत पाहिला नव्हता. त्याला स्वतःची लाज वाटली.

“रोजचं नाही, बाई,” तो म्हणाला. “तीन वर्षांत ती आज पहिल्यांदा मशीनवर बसलीय. मघाशी मी खोटं बोललो. ती काय म्हणाली ते मी तुम्हाला सांगितलंच नाही.”

मग त्याने घंटेपासून खुर्चीपर्यंत सगळं सांगून टाकलं. ताईला कळावं म्हणून तो बोलता बोलता हातही हलवत होता, पण तिचं लक्ष चादरीत होतं.

बाईंनी फोन पर्समध्ये ठेवला.

“अहो, तिच्या काळजीपोटीच केलं ना मी!” मुकादम काकुळतीला आला. “उद्या हिला काही झालं तर जबाब कुणी द्यायचा? मीच ना?” आणि घाईघाईने जाऊन त्याने भिंतीवरचं बटण बंद केलं.

मशीन थांबलं. हाताखालची थरथर गेली तशी ताईने मान वर केली. मुकादमाचा हात अजून बटणावरच होता. तिने तो पाहिला, भावाकडेही एकदा पाहिलं, आणि कुणाला काही विचारलं नाही. चादरीची हातभर शिवण राहिली होती. तिने मशीनच्या चाकावर तळहात ठेवला आणि ते हाताने फिरवत, एकेक टाका घालत ती पुढे शिवू लागली.