मुलाखतीच्या दाराबाहेरचा बाक

मित्रांनो, मी एक जुना सागवानी बाक आहे. तुम्ही माझ्यावर कधी बसला नसाल आणि यापुढे कोणी तुम्हाला बसायला सांगणारही नाही, कारण सध्या माझा मुक्काम विहिरीजवळच्या मोटरखोलीला लागून आहे. एक पाय वाळवीनं धरला आहे. पाठीवर कोणीतरी ओलं पोतं वाळत टाकून जातं. पण मी जन्मापासून असा अडगळीतला नव्हतो बरं का. एक काळ असा होता, की या टेकडीवरच्या कॉलेजात शिरायचं तर आधी माझ्यावर बसावं लागायचं.

माझं लाकूड मुकुटबनकडच्या रानातलं. दारव्ह्याच्या एका सुतारानं मला घडवलं. तो कामाचा पक्का होता, पण तोंडाचा फटकळ. लाकडात गाठ लागली की रंधा थांबवून मलाच सुनावायचा, "चौघं बसले अन् तू वाकला, तं चुलीत घालीन तुले." त्या धाकानं मी जो ताठ झालो, तो आजवर ताठच आहे. चूल मात्र अजून मनातून गेलेली नाही.

दारव्हा आणि दिग्रस यांच्यामध्ये एक उघडी टेकडी आहे. तिथं विमलताईंनी हे कॉलेज काढलं. राहून शिकायचं कॉलेज. इथं पहिल्या दिवशी कोणी तुम्हाला कला की विज्ञान असं विचारत नाही. इतिहास, गणित, झाडांचा अभ्यास, कविता हे सगळं शेजारी शेजारी शिकायचं आणि मग आपलं काय ते ठरवायचं. तेव्हा लोक हसायचे. असं शिकून पोरगं होते तरी काय बाप्पा, असं म्हणायचे. विमलताई स्वतः जीप घेऊन गावोगाव आणि तांड्यातांड्यांवर फिरायच्या. पोरं द्या म्हणून लोकांच्या मिनतवाऱ्या करायच्या.

प्रवेशाच्या दिवशी दिग्रसकडून काळीपिवळी जीप भरून यायची. सगळे उतरून माझ्यावर दाटीवाटीनं बसायचे. विमलताईंची मुलाखत घेण्याची तऱ्हा वेगळी होती. त्या कोणाला आत बोलवायच्या नाहीत. गुणपत्रिका बघून झाली की बाहेर यायच्या, माझ्यावर जागा करून बसायच्या आणि भलत्याच माणसाला भलत्याच मुलाबद्दल विचारायच्या. त्या इथल्याच होत्या. आपल्याकडची माणसं स्वतःबद्दल चांगलं बोलत नाहीत, हे त्यांना ठाऊक होतं. आईबापसुद्धा नजर लागेल म्हणून आपल्या लेकराची तारीफ करत नाहीत. पण दुसऱ्याच्या लेकराबद्दल विचारा, माणूस मोकळा होतो.

एकदा तांड्यावरच्या धनीबाई आपल्या मुलाला, बादलला घेऊन आल्या होत्या. विमलताईंनी त्यांना बादलबद्दल काही विचारलंच नाही. शेजारी वडलांसोबत बसलेल्या आसिम नावाच्या मुलाकडे बोट करून विचारलं, "हे पोरगं कसं हाये हो?"

"मी त्याले वळखत नाही बाई," धनीबाई म्हणाल्या. मग जरा थांबून म्हणाल्या, "पण जीपमधी त्यानं आपली जागा मले देल्ली. सारा रस्ता मागं लटकत आला. अन् बादलले गणित समजावत होता, लटकल्या लटकल्या."

आसिमच्या वडलांना मग बादलबद्दल विचारलं. दोन्ही मुलं लागली, म्हणजे त्यांना प्रवेश मिळाला. शिपाई धावजी त्याच तांड्यावरचा. तो धनीबाईंना याडी म्हणायचा, म्हणजे आई. तो हसून म्हणाला, "याडी, या बाकावर जो बसला, तो लागला." त्या वर्षी खरंच असं होतं. जितके बसले तितके आत गेले, तरी वर्गात जागा उरली.

मित्रांनो, मी तेव्हा फार खूश होतो. धावजी मला रोज फडक्यानं पुसायचा. माझ्यावर वऱ्हाडी ऐकू यायची, तांड्यावरची गोरबोली ऐकू यायची, कोणी पोळी-भाजीचा डबा सोडायचं. इथून शिकलेली मुलं पुढं मोठमोठ्या ठिकाणी गेली. मग वर्तमानपत्रात कॉलेजचं नाव आलं, फोटो आला. त्या फोटोत एका कोपऱ्यात मीही आहे, अर्धाच.

फोटोनंतर गाड्या येऊ लागल्या. नागपूर, पुणे, त्याच्याही पलीकडच्या. पहिल्यांदा दोघांतल्या एकाला परत जावं लागलं. मग शंभरातले वीस आत जाऊ लागले. पुढं दहा. पुढं सहा. विमलताई म्हाताऱ्या झाल्या, निवृत्त होऊन यवतमाळला गेल्या. नवी समिती आली. ती माणसं वाईट नव्हती, हे मी शपथेवर सांगतो. पण इतक्या मुलांना बाहेर बसून कोण विचारणार? म्हणून मुलाखत दाराआड गेली. सोबतच्या माणसांनी बाहेर थांबायचं, मुलानं एकट्यानं आत जायचं आणि स्वतःबद्दल सांगायचं. दूरची मुलं त्याची तयारी करून यायची. माझ्यावर बसून पुटपुटायची, मी हे केलं, मी ते केलं. आपल्याकडची मुलं गप्प बसायची आणि गप्पच आत जायची.

आणि एक गोष्ट मला कधीच कळली नाही. दरवर्षी आकडा खाली आला की ऑफिसात पेढे वाटायचे. सहाचे पाच झाले, पेढे. म्हणजे आणखी मुलं रडत परत गेली, म्हणून पेढे! मी लाकूड आहे. माझ्या डोक्यात हा हिशेब काही शिरला नाही.

मुस्कान आली त्या सालची गोष्ट सांगतो. तीच सांगायची म्हणून मी इतका वेळ तुम्हाला बसवून ठेवलं आहे.

दिग्रसला जहीरभाईंचं मोटर भरण्याचं दुकान आहे. विहिरीवरची मोटर जळली की आतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळावी लागते, त्याला मोटर भरणं म्हणतात. मुस्कान त्यांची मुलगी. बारावीत मार्क उत्तम होते. हे कॉलेज घरापासून तासाभरावर, म्हणून तिच्या अम्मीनं होकार दिला होता. याच्यापेक्षा दूर पाठवायला घर तयार नव्हतं. जवळ दुसरं असं कॉलेज नव्हतं. इथं लागली तर शिकेल, नाहीतर दुकान. तिला विजेचं शास्त्र शिकायचं होतं आणि इतिहासही सोडायचा नव्हता. वीज पहिल्यांदा कोणाच्या गावात आली तेव्हा लोक काय म्हणाले असतील, असं ती वडलांना माझ्यावर बसून विचारत होती. आत मराठीत बोलावं लागेल, सवय व्हावी, म्हणून जहीरभाई त्या दिवशी तिच्याशी मराठीतच बोलत होते.

तिच्या बोटांवर बारीक बारीक कापल्याच्या खुणा होत्या. ओढणीला मोटरीच्या तारेवर लावतात त्या वार्निशचा वास होता.

"देवीलालची मोटर आज द्यायची हाये," जहीरभाई हळूच म्हणाले. "घरी गेल्यावर तेवढी वायंडिंग पुरी करून टाक बेटा. मले तार दिसत नाही आता."

"करते नं, अब्बू."

तेव्हा मला कळलं. जहीरभाईंची नजर अधू झाली होती आणि दोन-तीन वर्षांपासून दुकानातल्या मोटरा ही पोरगी भरत होती. आतल्या खोलीत बसून, पडदा लावून. गिऱ्हाईकानं विचारलं, कोणी भरली, तर उत्तर ठरलेलं होतं. अब्बूनं.

"आत दुकानातलं काही काढू नको," जहीरभाई पुन्हा म्हणाले. "इथचे लोक बी आपले गिऱ्हाईक हायेत. पोरगी मोटर भरते म्हणून समजलं, तं उद्यापासून कोणी आणणार नाही."

मुस्काननं मान हलवली. मग तिचं नाव पुकारलं गेलं आणि दार लागलं.

दार जुनं आहे. आतलं मला ऐकू येतं. एक बाई फार मायेनं बोलत होत्या. पुस्तकांबद्दल विचारलं, मुस्कान छान बोलली. विजेबद्दल विचारलं, तेव्हा तर आतली माणसं खुर्च्या पुढं ओढून ऐकू लागली. मला वाटलं, लागली. मग त्या बाईंनी विचारलं, "आता असं काहीतरी सांग, जे तू स्वतः करतेस. तुझ्या हातचं."

आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अब्बू मोटर भरतात," मुस्कान म्हणाली. "मी चहा देते. गिऱ्हाईक आलं तर बसवते."

"आणखी?"

"आणखी काही नाही, मॅडम."

मित्रांनो, माझा जीव इतका कासावीस झाला म्हणून सांगू! मी सगळा जोर लावून कुरकुरलो. बाकाला दुसरं काय येतं? धावजी वाकून पाहायला आला आणि म्हणाला, "खिळे ढिले झाले वाटते याचे."

ती बाहेर आली. जहीरभाई सरकून बसले. "काय पुसलं?"

"पुसलं, तू सोता काय करते."

"मंग?"

"म्हणलं, चहा देते."

हातातला रुमाल जहीरभाईंनी गुडघ्यावर घडी करून ठेवला, पुन्हा उचलला. मग उठून धावजीकडे गेले. "भाऊ, मले दोन मिनिटं आत जाऊ द्या. एकच गोष्ट सांगाची राह्यली."

"माणसं आत सोडत नाहीत आता," धावजी म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलेलं दिसलं. "विमलताई असत्या तं त्यायनं तुमालेच पुसलं असतं. या बाकावर बसूनच."

जहीरभाई दाराशी उभे राहिले. पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं, तेव्हा बाजूला झाले. बापलेक गेले तेव्हा दुपारची जीप निघून गेली होती. ते फाट्यापर्यंत चालत गेले असणार.

ते गेल्यावर आत त्या बाई म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे. पण तिचं स्वतःचं असं काही हाताला लागलं नाही." त्यांचा आवाज उतरला होता. मग कोणीतरी म्हणालं, "इतके चांगले मार्क तर पुष्कळांचे आहेत." आणि पुढचा कागद उलटला.

त्या साली पाचाचे चार झाले. पेढे आले. धावजीनं आपला पेढा खाल्ला नाही, माझ्या कडेवर ठेवून दिला. "थे दिग्रसची मोटरवाली पोरगी नाही लागली," तो म्हणाला. कोणाला उद्देशून म्हणाला, ते मला माहीत नाही. तिथं मी आणि तो दोघंच होतो. संध्याकाळपर्यंत पेढ्याला मुंग्या लागल्या.

पुढच्या वर्षीपासून मुलाखती कॉम्प्युटरवर होऊ लागल्या. आपापल्या गावात बसूनच मुलं बोलतात. बसायला कोणी येत नाही, तर बाक कशाला? त्यातून मी कुरकुरणारा. व्हरांड्यात पाहुण्यांसाठी दोन मऊ सोफे आले आणि मला उचलून इथं विहिरीजवळ आणलं. धावजीनं दुसरी बाजू धरली होती. ठेवताना त्यानं माझ्या पायाखाली एक चपटा दगड सरकवला, ओल लागू नये म्हणून. तो दगड एकाच पायाला पुरला.

यंदा ऐन उन्हाळ्यात वसतिगृहाची मोटर जळली. ती दिग्रसला गेली आणि चार दिवसांनी टेम्पोतून परत आली. सोबत जहीरभाई आणि मुस्कान. ती आता पूर्ण वेळ दुकानात असते. कुठंच नाव घातलेलं नाही. विजेबद्दल आणि गावांबद्दल ती वडलांना काही विचारताना मला दिसली नाही. मोटर बसवली, जोडणी केली, मुस्काननं बटण दाबलं. विहिरीतून पाणी चढलं आणि वर वसतिगृहात नळ वाजले. मुलं ओरडली, हसली. ती शंभरातल्या चारांत बसलेली मुलं. पाणी कोणी आणलं हे त्यांना कसं कळणार? त्यांचा काही दोष नाही.

"बेस झाली मोटर," धावजी म्हणाला. "कोणी भरली?"

मी उत्तर ओळखून होतो. पण जहीरभाईंनी पान्हा खाली ठेवला आणि म्हणाले, "हिनं. माह्या पोरीनं. चार-पाच वर्षांपासून सगळ्या मोटरा हेच भरते."

मुस्काननं चमकून वर पाहिलं. धावजीनं विहिरीकडे पाहिलं.

"हे तवा आत सांगतलं असतं तं," धावजी म्हणाला.

"सांगू नको म्हणणारा मीच होतो नं भाऊ."

मुस्कान येऊन माझ्यावर बसली. तिनं ओढणीच्या टोकानं बोटांचं ऑइल पुसलं आणि म्हणाली, "अब्बू, हा थोच बाक हाये." मग उठली. टेम्पोवाला घाई करत होता.

मित्रांनो, मला रंग द्या, माझा पाय बदला, असं मी तुमच्याकडे मागणार नाही. माझं काय, पावसाळा काढला तर काढला. तुम्ही एवढं करा. तुमच्या शेजारी जो बसतो त्याच्या हाताला काय येतं ते पाहून ठेवा, आणि त्याला सांगता येत नसेल तेव्हा तुम्ही मोठ्यानं सांगा. आणि तुमच्यातलं कोणी मोठं होऊन निवडायला बसलं, तर दार लावण्याआधी एकदा बाहेर बाकावर येऊन बसा. सोबत आलेल्या माणसाला विचारा, हे पोरगं कसं हाये हो.

वर आज पुन्हा पेढे वाटले असं धावजी सांगत होता. शंभरातले तीन. इथं माझ्या शेजारी ती मोटर दिवसभर चालू असते. तिचा आवाज एकसारखा आहे, कुठं अडखळत नाही. ऐकायला मी एकटाच आहे, आणि माझ्यावर अजून चौघांची जागा रिकामी आहे.