रविवारच्या जेवणावरचा धूर

मित्रांनो, मी एक जुना अकॉर्डियन आहे. तुमच्या पेटीचा लांबचा नातेवाईक. पेटी जमिनीवर बसते, मला पट्टे लावून छातीवर घ्यावं लागतं. भाता मात्र दोघांनाही आहे. भाता उघडला की आजूबाजूची हवा माझ्यात शिरते आणि मिटला की तीच सूर होऊन बाहेर पडते. त्यामुळे जिथे जिथे मी वाजलो, तिथली हवा मी घेतली. चांगली तेवढी घ्यावी आणि वाईट सोडावी, अशी सोय माझ्यात कोणी ठेवली नव्हती.

माझा जन्म इटलीत, समुद्राजवळच्या एका लहानशा कारखान्यात झाला. दोन बहिणींनी माझ्या सुरांच्या पोलादी पट्ट्या मेणाने बसवल्या. धाकटी प्रत्येक पट्टी छेडून कान देऊन ऐकत बसे आणि मोठी तिला घाई करी. लाल चकचकीत अंगाचा मी तिथून निघालो तो थेट समुद्रापलीकडच्या प्रिलेपला आलो. हे गाव तंबाखूवर जगतं. उन्हाळ्यात घराघराच्या वळचणीला पानांच्या माळा वाळत असतात आणि त्या ओवणाऱ्यांची बोटं काळी, चिकट झालेली असतात.

मला विकत घेणाऱ्या मेतोदीची बोटंही तशीच होती. त्या वर्षी त्याचा तंबाखू पहिल्या प्रतीचा ठरला होता. बारा वर्षांच्या मुलाच्या, बोगोयाच्या मांडीवर त्याने मला ठेवलं आणि म्हणाला, पानं ओवून तुझी बोटं चपळ झालीत, आता ती याच्यावर चालव.

बोगोयाने ती चालवली. पहिल्या वर्षी शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या, तिसऱ्या वर्षी त्याच शेजाऱ्यांनी मुलीच्या लग्नाला आम्हाला बोलावलं. लग्नं, बारशी, नवं घर बांधलं की त्याची जेवणं, सगळीकडे आम्ही जाऊ लागलो. ‘ओरो’ सुरू झाला, म्हणजे हातात हात घालून माणसं गोल नाचू लागली, की म्हातारेही खुर्चीत बसून राहत नसत. लोक म्हणत, बोगोयाचा अकॉर्डियन बोलतो. मला फार अभिमान वाटे. आज ते आठवलं की तेवढा वाटत नाही.

पुढे बोगोयाचं लग्न झालं, मुलगी झाली. तिचं नाव नेवेना. ती शाळेत जाऊ लागली त्या सुमारास बाजारामागच्या स्पासेच्या खानावळीत त्याला दर रविवारी दुपारी वाजवायचं काम मिळालं. स्पासे गोल चेहऱ्याचा, गोडबोल्या माणूस होता. त्याच्याकडे मातीच्या भांड्यात भाजलेला घेवडा फार चांगला मिळे आणि रविवारी कुटुंबंच्या कुटुंबं जेवायला येत. छत ठेंगणं होतं. दुपारी एकपर्यंत त्याच्याखाली धुराचा एक थर तयार होई आणि तीनपर्यंत तो टेबलांपर्यंत उतरे. आजोबा ओढत, वडील ओढत, मावश्या ओढत आणि त्यांच्यामध्ये बसून मुलं सूप पीत.

नेवेनाची आई लेन्का इस्पितळाच्या धोबीखान्यात कामाला होती, तिला रविवारची सुट्टी नसे. म्हणून सात वर्षांची नेवेना आमच्याबरोबर येई. मला ठेवायच्या रिकाम्या पेटीवर बसून ती कागदाच्या मागच्या बाजूला घोडे काढी. तिचे सगळे घोडे धावणारे असत. येणारे-जाणारे तिचे लाड करत, तिला पावाला लावलेली तिखटगोड मिरचीची चटणी देत आणि दुसऱ्या हातातली सिगारेट तिच्या डोक्यावरून पलीकडे नेत.

मग तिला खोकला सुरू झाला. त्या हिवाळ्यात दोनदा तिला इस्पितळात ठेवावं लागलं. दमा आहे असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं आणि घरात कोण ओढतं म्हणून विचारलं. बोगोयाने छाती पुढे काढून उत्तर दिलं की आमच्या घरात कोणीच ओढत नाही. हे खरंच होतं. त्याने जन्मात सिगारेट तोंडाला लावली नव्हती. रविवारचं मात्र त्याने सांगितलं नाही. त्याला ते आठवलंच नाही की आठवायचं नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही.

त्याच सुमारास देशात नवा कायदा आला. जिथे लोक छताखाली बसून खातात-पितात, तिथे धूम्रपान बंद. वर्तमानपत्रात लिहून आलं होतं की हे मुलांसाठी आहे, ओढत नसूनही ज्यांच्या छातीत धूर जातो त्यांच्यासाठी आहे. स्पासेने भिंतीवर पाटी लावली, रक्षापात्रं उचलली. दोन रविवार हवा स्वच्छ होती. नेवेनाने त्या दोन रविवारी डॉक्टरीणबाईंनी दिलेला श्वासाचा पंप एकदाही वापरला नाही. तिसऱ्या रविवारी कोपऱ्यातल्या टेबलावर कॉफीची एक बशी दिसली आणि तिच्यात राख होती. पाचव्या रविवारी सगळ्या बश्या तशाच होत्या. तपासनीस यायचा असला की कोणीतरी स्पासेला आधी कळवत असे. मग खिडक्या सताड उघडल्या जात, बश्या धुतल्या जात. तपासनीस कॉफी पिऊन जाई. बोगोया हे सगळं बघे आणि पुढची धून सुरू करी. मी वाजत असे.

वसंतात माझे सूर अडकू लागले. बोगोया मला जवळच्या बितोला गावी आतानासकाकांकडे घेऊन गेला. शाळेला सुट्टी होती म्हणून नेवेनाही आली. आतानासकाका म्हातारे दुरुस्तीवाले, नाकावर चष्मा आणि बोटांत सिगारेट. त्यांनी मला उघडलं आणि दिवा जवळ ओढला. माझ्या पट्ट्यांवर, कातडी झडपांवर, भात्याच्या घड्यांत तपकिरी, चिकट थर बसला होता. त्यांनी पांढऱ्या फडक्याने एक पट्टी पुसली आणि ते फडकं बोगोयासमोर धरलं.

"हे कुठे वाजवतोस?"

बोगोयाने सांगितलं. मागे स्टुलावर बसलेल्या नेवेनाच्या छातीतून बारीक शीळ येत होती. काकांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं.

"हीसुद्धा तिथेच असते?"

"रविवारपुरती."

"याचे सूर मी पुसून देतो, बोगोया. तिच्या आत माझं फडकं पोचत नाही."

मग त्यांना स्वतःच्या बोटांतली सिगारेट दिसली. ते उठले, अंगणात गेले, ती विझवली आणि परत येऊन कामाला लागले.

बोगोयाला ते लागलं. पुढच्या रविवारी लोक यायच्या आधी त्याने स्पासेला विनवलं की निदान मुलं असतात त्या वेळात तरी कायदा पाळू या. स्पासे हसला. म्हणाला, "पाटी लावलीय ना भिंतीवर? आता काय तिच्यापुढे मेणबत्ती लावू?" आणि पुढे हेही म्हणाला की ओढू दिलं नाही तर लोक पलीकडच्या खानावळीत जातील आणि मग वादकाची गरजच उरणार नाही. घरी मेतोदीचं म्हणणं त्याहून कडू होतं. "तुझ्या गळ्यातलं ते लाल खोकं तंबाखूवर आलंय. तुझी शाळा तंबाखूवर झाली. आता तुला त्याचा वास सोसेना होय?"

बोगोयाने मधला मार्ग काढला. नेवेनाला त्याने दाराशी बसवलं, तिथे थोडा वारा येई. मित्रांनो, या मधल्या मार्गाचा मला सगळ्यांत जास्त राग आहे, कारण तो आम्हा दोघांनाही पुरेसा वाटला होता.

मे महिन्यात एका बारशाचं जेवण होतं. साठ माणसं. पाहुण्यांना गार वारा लागतो म्हणून कोणीतरी दार लावून घेतलं. पाळण्यातलं बाळ मधल्या टेबलाशी होतं आणि पाळण्याच्या झालरीवर राख पडलेली मी पाहिली. ओरो रंगला. लोक ओरडत होते, अजून, अजून. बोगोयाने डोळे मिटले आणि भाता पूर्ण ताणला. इतक्या मोठ्याने मी कधीच वाजलो नव्हतो.

त्या आवाजात नेवेनाचा श्वास ऐकू आला नाही.

तिने पंप ओढला होता, तो रिकामा झाला होता. ती बापाकडे यायला उठली, पण नाचणाऱ्यांचं कडं तिच्या नि आमच्या मध्ये होतं. बाळाची आई, दानिका, तिने सगळ्यांत आधी पाहिलं. तिने कडं तोडलं, मुलीला उचललं आणि ती दार उघडून अंगणात धावली. बोगोयाने डोळे उघडले तेव्हा दाराशी रिकामी पेटी होती. तो मला गळ्यात घेऊनच पळाला. नेवेनाचे ओठ निळे पडले होते. तिला बोलता येत नव्हतं, ती फक्त बापाच्या सदऱ्याची बाही धरून होती.

इस्पितळात पुन्हा त्याच डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी विचारलं, मुलगी कुठे होती. या वेळी बोगोयाने सांगितलं. शेजारी धोबीखान्याच्या कपड्यांत लेन्का उभी होती. तिने नवऱ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "मला वाटायचं, तुला कळत असेल."

नेवेना वाचली. बाराव्या दिवशी घरी आली. त्या दिवशी बोगोयाने स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तपासनिसांच्या राजधानीतल्या कचेरीला पत्र लिहिलं. रविवारी काय चालतं, बश्या कशा धुतल्या जातात, सगळं लिहिलं. नाव न घालता पाठव, असं लेन्काने सुचवलं. त्याने नाव घातलं, पत्ता घातला, आणि स्वतः मुलीला तिथे बसवत होतो हेही लिहिलं.

या खेपेला तपासनीस राजधानीतून आले आणि स्पासेला कोणी कळवलं नव्हतं. खानावळ काही दिवस बंद राहिली. उघडली तेव्हा दुपारच्या वेळी आत कोणी ओढत नव्हतं. संध्याकाळी मात्र बश्या पुन्हा बाहेर येत, असं लोक म्हणत.

बोगोयाला कोणी मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत. फक्त बोलावणी बंद झाली. लग्नं झाली, बारशी झाली, दुसऱ्या गावचे वादक आले. रस्त्यात लोक विचारत, काय बोगोया, आज कुणाच्या घरी पत्र? नेवेनाच्या वर्गात एकीने तिला सांगितलं, तुझ्यामुळे आमच्या तपासनीस काकांची नोकरी गेली. तिने घरी येऊन विचारलं, हे खरं आहे का. बोगोया म्हणाला, "तुझ्यामुळे नाही. माझ्यामुळे. आणि मी ते आधीच करायला हवं होतं." आता तो संगमरवराच्या खाणीवर राखणदार म्हणून फाटकात बसतो. मी कपाटावर असतो. माझ्यावर धूळ आहे, पण ती साधी धूळ आहे.

मेतोदी वर्षभर या घरी आला नाही. मग एका रविवारी तो फाटक ढकलून आला आणि आत न येता बाहेरच्या पायरीवर बसला. खिशातून पाकीट काढलं. नेवेना बाहेर जाऊन त्याच्यापासून दोन पायऱ्या सोडून बसली. उघड्या खिडकीतून मला दोघं दिसत होती. म्हाताऱ्याने काडी पेटवायच्या आधी मान वर केली.

"वारा कुठून येतोय गं?"

तिने बोट केलं. तो गुडघ्यावर हात टेकून उठला, अंगण ओलांडून पार पलीकडच्या भिंतीशी गेला आणि तिथे उभा राहून त्याने सिगारेट पेटवली. ओढणं त्याने सोडलं नाही. पण ती संपेपर्यंत तो तिथेच उभा राहिला आणि दोघं एवढ्या अंतरावरून मोठमोठ्याने तिच्या शाळेबद्दल बोलत राहिले.

नेवेना आता नऊ वर्षांची आहे. चढ चढताना ती मध्ये थांबते. डॉक्टरीणबाई म्हणतात, मोठी होईल तसं कमी होईल, कदाचित.

मित्रांनो, जिथे धूर असेल तिथून उठून बाहेर जायला कोणाची परवानगी मागू नका. जाताना का जाताय तेही सांगून जा, कारण भिंतीवरच्या पाटीला तोंड नसतं. आणि तुमच्यापैकी कोणी पुढे वादक झालं, तर माझी एक विनंती आहे. लोक कितीही ओरडू देत, अजून, अजून म्हणून. मध्येच एकदा हात थांबवा, आणि जवळ बसलेलं मूल नीट श्वास घेतंय ना, एवढं ऐका.